पिकअपवरची ताडपत्री : माल पाहून निवडा, वजन करून घ्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास नेर तालुक्यातल्या रस्त्यांवर मालाच्या गाड्या वाढतात. सोयाबीन मळून पोत्यात भरलेले असते, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते आणि पैशाची निकडही याच दिवसांत असते. बी-बियाण्याची उधारी, मजुरी, सण, मुलांची फी असे सगळे याच मालावर अवलंबून. मोझर, माणिकवाडा, उत्तरवाढोणा अशा गावांतून माल नेरच्या बाजार समितीत, नाहीतर दारव्हा, यवतमाळ किंवा अमरावतीकडे निघतो.

पूर्वी हा माल बैलबंडीने जात असे. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालू झाली. त्या काळात खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत आणि शेतकरी बंडीखालीच रात्र काढत, हे गावातली वडीलधारी मंडळी आजही सांगतात. बंडी हळू चाले, धनी सोबत असे, आभाळ भरून आले तर झाडाखाली बंडी उभी करून गोणपाट टाकता येई. आज तेच काम पिकअप आणि छोटा हत्ती करतात. गाडी तासाला पन्नास-साठ किलोमीटरने धावते. वाऱ्याचा झोत झाकणाखाली शिरला की दोन मिनिटांत ताडपत्रीची लक्तरे होतात. म्हणून बंडीला चालणारे झाकण पिकअपला चालत नाही.

तरीही शेतकरी बियाणे घेताना चार दुकाने फिरतो, औषध घेताना दहा जणांना विचारतो, आणि ताडपत्री मात्र "कोनतीबी द्या, झाकाले पाहिजे" म्हणून घेऊन येतो. सहा महिने राबून पिकवलेला माल शेवटच्या दोन तासांत भिजला तर ते नुकसान पुढच्या हंगामापर्यंत भरून निघत नाही. म्हणून ताडपत्री घेताना काय पाहावे, याची ही थोडी सविस्तर माहिती.

ओलाव्याचा हिशेब

भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर कापूस घेतलाच जात नाही.

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने ४ टक्के कपात म्हणजे क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये. गाडीत १२ क्विंटल कापूस असेल तर एका खेपेत ३,९०० रुपयांच्या आसपास गेले. चांगल्या ताडपत्रीची किंमत दुकानात विचारावी आणि ती या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. मग महाग काय आणि स्वस्त काय, ते आपोआप कळते.

सोयाबीनचेही तसेच आहे. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. पण अशी सूट दरवर्षी मिळेल, असे धरून चालू नये. शिवाय भिजलेल्या सोयाबीनवर सुरकुत्या पडतात, दाणा काळवंडतो, बुरशीचा वास येतो. असा माल नंतर वाळवला तरी व्यापारी हातात घेऊन पाहतो आणि भाव पाडतो.

पावसाचा भरवसा तर राहिलेलाच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस, म्हणजे ऐन वेचणीत, राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. "आता कायचा पाऊस येते" म्हणून उघडी गाडी काढण्याचे दिवस गेले.

बाजारात मिळणारे प्रकार

पहिला प्रकार सुती कॅनव्हासची, मेण किंवा रसायन चढवलेली जाड ताडपत्री. हिच्यातून हवा थोडी खेळते, त्यामुळे खाली घाम धरत नाही. मजबूत असते आणि फाटली तर शिवता येते. पण वजनदार असते, भिजल्यावर आणखी जड होते, आणि ओली घडी करून ठेवली की कुजते. मुसळधार पावसात खालचा माल तिला टेकून असेल तर तिथून ओल झिरपू शकते.

दुसरा प्रकार विणलेल्या प्लास्टिकची, म्हणजे एचडीपीई ताडपत्री. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला असतो. हलकी, स्वस्त आणि पाणी न धरणारी. गावात सर्वात जास्त हीच दिसते. पण वरचा थर निघाला की पट्ट्या सुटतात आणि त्यांचे दोरे होतात.

तिसरा प्रकार अनेक थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या, न विणलेल्या फिल्मची ताडपत्री. गावात हिला सरसकट 'सिलपोलिन' म्हणतात, पण ते सुप्रीम कंपनीच्या मालाचे नाव आहे. त्या नावाने दुसराच माल हातात दिला जाऊ शकतो, म्हणून छापील नाव वाचून घ्यावे. ही विणलेली नसल्याने हिचे दोरे सुटत नाहीत.

चौथा प्रकार घरचाच, म्हणजे खताची रिकामी पोती उसवून शिवलेली पाल. ती मालावर वापरू नये. शिवणीच्या प्रत्येक छिद्रातून पाणी उतरते. पोत्यात राहिलेला युरियाचा अंश हवेतला ओलावा ओढून घेतो. आणि त्या पोत्यांचे प्लास्टिकचे दोरे मालात जातात. कापसाला यापेक्षा वाईट झाकण नाही.

कापसासाठी वेगळा विचार करा

ताडपत्रीचे तुटलेले प्लास्टिकचे दोरे कापसात गेले की जिनिंगमध्ये ते पूर्ण वेगळे होत नाहीत. रेचा आणि प्रेसमधून ते गाठीत जातात, गाठीतून सूतगिरणीत आणि सुतातून कापडात. प्लास्टिक कापसासारखा रंग घेत नाही. त्यामुळे रंगवलेल्या कापडावर ठिपके आणि रेषा उठतात आणि माल नाकारला जातो. भारतीय कापसात काडीकचरा आणि परके धागे फार असतात, ही गिरण्यांची जुनी तक्रार आहे. ती कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. २०२० मध्ये 'कस्तुरी कॉटन' या नावाने स्वच्छ भारतीय कापसाची वेगळी ओळख करण्याचा प्रयत्नही सुरू झाला. पण कापूस स्वच्छ राहायचा असेल तर सुरुवात वेचणीच्या ओटीपासून आणि गाडीवरच्या झाकणापासूनच करावी लागेल.

म्हणून कापसाच्या गाडीला दुहेरी झाकण सर्वात बरे. मालावर आधी स्वच्छ, पांढरे सुती कापड टाकावे आणि त्यावर न उसवणारी, धड काठांची ताडपत्री. पाऊस आला तर ताडपत्री पाणी अडवते, आणि तिचा एखादा दोरा सुटलाच तर खालचे कापड तो कापसात जाऊ देत नाही. आभाळ निरभ्र असेल तर सुती कापड आणि वरून घट्ट दोर एवढ्यानेही कापूस उडत नाही. चिंध्या लोंबणारी जुनी ताडपत्री कितीही जाड असली तरी कापसावर टाकू नये. ती गोठ्यावर किंवा सरपणावर टाकावी.

सोयाबीन, तूर, हरभरा पोत्यात असतो. त्याला विणलेल्या प्लास्टिकची चांगली ताडपत्री पुरते.

माप कसे काढावे

अंदाजाने माप घेऊ नये. आधी गाडीचा हौदा टेपने मोजावा. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो. छोटा हत्ती याहून लहान. गाडीच्या बनावटीप्रमाणे फरक पडतो, म्हणून आपली किंवा नेहमी भाड्याने घेतो ती गाडी मोजावी.

मग माल फाळक्याच्या वर किती येतो ते पाहावे. समजा कापूस फाळक्याच्या फळ्यांवर दीड फूट येतो, आणि ताडपत्री फळ्यांच्या खाली बाहेरून आणखी दीड फूट उतरली पाहिजे. म्हणजे एका बाजूला तीन फूट, दोन्ही बाजूंना सहा फूट. रुंदी साडेपाच अधिक सहा म्हणजे साडेअकरा फूट. लांबी नऊ अधिक सहा म्हणजे पंधरा फूट. अशा गाडीला १२ × १५ ची ताडपत्री बसते. पोत्यांची थप्पी फाळक्याच्या वर दोन फूट येत असेल तर १५ × १८ ची घ्यावी.

काठ दुमडून शिवल्याने किंवा चिकटवल्याने तयार ताडपत्री छापील मापापेक्षा कमी भरू शकते. दुकानातच उलगडून मोजावी. दुकानदाराला राग येईल म्हणून संकोच करू नये. पैसे आपले जातात.

फार मोठी घेणेही बरोबर नाही. जास्तीचा पल्ला वाऱ्यात फडफडतो, फाटतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर येतो.

'अडीचशेची' म्हणजे काय?

दुकानात "ही अडीचशेची आहे भाऊ, डोळे झाकून घ्या" असे सांगतात. हे अडीचशे कशाचे, ते आधी विचारावे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये. मायक्रॉन म्हणजे जाडी. दोन्ही आकडे एक नव्हेत. विणलेल्या मालात विणीच्या उंचवट्यावर मोजले तर जाडी जास्त भरते, वजन मात्र तेवढे नसते. म्हणून मायक्रॉनपेक्षा वजनावर भरवसा ठेवावा. वजन काट्यावर कळते.

हिशेब सोपा आहे. लांबीचे फूट गुणिले रुंदीचे फूट, त्याला १०.७६ ने भागले की चौरस मीटर निघतात. त्याला जीएसएमने गुणले की ग्रॅम.

१२ × १५ ची ताडपत्री १६.७ चौरस मीटर भरते. ती खरोखर २५० जीएसएमची असेल तर वजन ४ किलो २०० ग्रॅमच्या जवळ आले पाहिजे. २०० जीएसएमची असेल तर ३ किलो ३०० ग्रॅम. काट्यावर दोन किलोच भरली तर ती १२० जीएसएमची आहे, मग वर काहीही छापलेले असो.

१५ × १८ ची ताडपत्री २५ चौरस मीटर भरते. २५० जीएसएमला वजन सव्वासहा किलो, २०० ला पाच किलो, १५० ला पावणेचार किलो.

काठ, दोरी आणि कड्यांमुळे वजन थोडे जास्त भरेल, पण कमी भरता कामा नये. हंगामभर गाडीवर वापरायची असेल तर २०० जीएसएमच्या खाली उतरू नये. हलकी ताडपत्री खळ्यावर चालेल, रस्त्यावर नाही.

दुकानात करायच्या तपासण्या

१. ताडपत्री उन्हाकडे धरून पाहावी. बारीक छिद्रांतून उजेड दिसला तर परत द्यावी.

२. एक कोपरा एकाच घडीवर दहा-बारा वेळा उलटसुलट दुमडावा. घडीवर पांढरी रेघ उमटून थर तडकला तर माल कच्चा.

३. नखाने पृष्ठभाग जोरात खरवडावा. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला तर पहिल्याच हंगामात दोरे निघतील.

४. उग्र वास येत असेल, रंग मळकट असेल, हाताला कचकच लागत असेल तर जुने प्लास्टिक वितळवून केलेला माल असण्याची शक्यता जास्त.

५. झोळी करून त्यात बादलीभर पाणी ओतावे, अर्धा तास ठेवावे आणि खालून हात फिरवावा. हात कोरडा राहिला पाहिजे.

६. कडी हाताने ओढून पाहावी. सर्व काठांवर साधारण तीन-तीन फुटांवर कडी असावी, काठात दोरी घातलेली असावी आणि चारही कोपऱ्यांना जादा ठिगळ असावे. बहुतेक ताडपत्र्या मधून फाटत नाहीत, कड्यापासून फाटतात.

७. उन्हापासून संरक्षण देणारे रसायन मिसळलेले आहे का, म्हणजे 'यूव्ही' संरक्षित आहे का, ते वेष्टनावर पाहावे. आपल्याकडच्या उन्हात साधे प्लास्टिक लवकर कडक होऊन तुटते.

८. आयएसआय चिन्ह पाहावे. विणलेल्या एचडीपीई ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ आणि सुती कॅनव्हास ताडपत्रीसाठी आयएस २०८९ हे मानक क्रमांक आहेत. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तपासता येतो.

९. पक्के बिल घ्यावे आणि बिलावर माप व जीएसएम दोन्ही लिहून घ्यावे. तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो.

ओल्या मालावर घट्ट झाकण नको

ताडपत्री माल वाळवत नाही. ती फक्त कोरडा माल कोरडा ठेवते. दवात वेचलेला कापूस किंवा अर्धवट वाळलेले सोयाबीन प्लास्टिकखाली बंद केले आणि वरून ऊन लागले की मालातला ओलावा वाफ होऊन वर येतो. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला त्याचे थेंब धरतात आणि तेच पाणी पुन्हा मालावर पडते. माल गरम होतो, कापूस पिवळा पडतो, दाण्याला बुरशी लागते. मग "पाऊस नाही, काही नाही, अन् माल कसा भिजला?" असा प्रश्न पडतो.

म्हणून दव उडाल्यावरच वेचणी करावी. कापूस सावलीत पसरून वाळवावा आणि मगच गाडी भरावी. केंद्रावर रात्र काढायची वेळ आली तर रात्री दवापासून झाकावे, पण सकाळी ऊन चढल्यावर एक बाजू उघडून वारा खेळू द्यावा. प्लास्टिकखाली कापूस दोन-दोन दिवस बांधून ठेवू नये.

बांधायची रीत

माल मधोमध उंच आणि कडेला उतरता भरावा, म्हणजे पाणी साचत नाही. खोलगट जागी साचलेले पाणी ताडपत्री ताणते आणि शेवटी आत उतरते.

ताडपत्रीचा काठ फाळक्याच्या बाहेर सोडावा. आत खोचला तर सगळे पाणी ओघळून हौद्यात जाते. ही चूक फार ठिकाणी दिसते.

दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर पुढची मागचीच्या वर यावी, किमान दोन फूट. उलट टाकली तर समोरचा वारा सांध्यात शिरतो.

बांधणी केबिनच्या बाजूने सुरू करून मागे यावी. दोर कड्यातून ओवून गाडीच्या हुकांना बांधावा आणि वरून आडवे-तिरपे दोर टाकावेत. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या ताण धरून ठेवतात. फळीच्या टोकावर ताडपत्री घासते, तिथे गोणपाटाची घडी ठेवावी. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हा आवळावेत, कारण हादऱ्याने माल बसतो आणि दोर ढिले होतात.

मागचे दिवे आणि नंबर पाटी झाकू नये. कापसाच्या गाडीजवळ विडी-सिगारेट नको. वर माणूस बसवू नये. गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांखालून जाताना एकाने उतरून पाहावे.

कायद्याचे भान

ताडपत्री आहे म्हणून गाडी वाटेल तेवढी फुगवता येत नाही. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल हौद्याच्या बाहेर आल्यास वेगळा २०,००० रुपये दंड आहे आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दोन खेपांचे भाडे वाचवायला जाऊन एका दंडात हंगामाचा नफा जाऊ शकतो.

निगा

वापर झाला की ताडपत्री झटकून, दोन्ही बाजू वाळवून, गुंडाळून ठेवावी. दरवेळी त्याच घडीवर दुमडली की तिथेच तडकते. उंदरांपासून दूर, दांडीवर टांगावी. लहान छिद्राला लगेच ठिगळ लावावे. मालाची ताडपत्री फवारणीची औषधे, खत किंवा डिझेलच्या कॅनखाली अंथरू नये.

गावाने आणि कार्यालयांनी काय करावे

जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून ताडपत्रीला अनुदान देण्याची पद्धत आहे. निधी, अटी आणि मुदत दरवर्षी बदलतात, म्हणून पंचायत समितीच्या कृषी विभागात हंगामाआधीच चौकशी करावी. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक तयार ठेवावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी खात्यातील सहकाऱ्यांना एक विनंती आहे. वाटपाच्या दिवशी एक काटा आणि एक टेप सोबत ठेवावा. आलेल्या गठ्ठ्यातून चार ताडपत्र्या सर्वांसमोर उलगडून मोजाव्यात, वजन कराव्यात आणि आकडा फळ्यावर लिहावा. पाच मिनिटांच्या या कामाने निकृष्ट मालाची वाट बंद होते आणि नंतरच्या तक्रारीही.

शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी मिळून खरेदी केली तर भावही बरा मिळतो आणि एकसारखा माल मिळतो. ज्यांच्याकडे दोन-चार एकरच शेती आहे, त्यांनी गल्लीतल्या तीन घरांत मिळून एक चांगली ताडपत्री आणि एक पांढरे सुती कापड घ्यावे. माल काही सगळ्यांचा एकाच दिवशी जात नाही.

पाऊस, भाव आणि मापाची रांग यांपैकी काहीच शेतकऱ्याच्या हातात नाही. घरून निघालेला कोरडा माल काट्यापर्यंत कोरडा आणि स्वच्छ नेणे मात्र हातात आहे. तेव्हा या हंगामात ताडपत्री घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा, दुकानात काटा मागा आणि आकडा जुळला तरच पैसे मोजा.